वाटेत अडकलेला प्रभार: डायोड, डिटेक्टर आणि प्लाझ्मामध्ये विद्युत क्षेत्र का बदलतं

धातूच्या दोन पट्ट्या एक सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर ठेवून त्यांना १०० व्होल्ट जोडले, तर मधल्या जागेत विद्युत क्षेत्र सगळीकडे सारखं असतं: १०० व्होल्ट प्रति सेंटीमीटर. हे एकाच अटीवर खरं आहे. मधली जागा रिकामी हवी. तिथे इलेक्ट्रॉन किंवा आयन आले की त्यांचं स्वतःचं क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळतं. एका बाजूला क्षेत्र वाढतं, दुसऱ्या बाजूला घटतं, आणि मागून येणाऱ्या प्रभाराला या बदललेल्या क्षेत्रातूनच वाट काढावी लागते. जागेत असा साठून राहिलेला प्रभार म्हणजे स्पेस चार्ज.

त्यासाठी प्रभार किती लागतो? फार थोडा. समजा, एक सेंटीमीटर जाडीच्या थरात दर घन सेंटीमीटरला फक्त १,००० कोटी धन आयन आहेत आणि त्यांचा परिणाम शमवणारा ऋण प्रभार जवळपास नाही. आकडा मोठा वाटतो, पण साध्या हवेत तेवढ्याच जागेत जे रेणू असतात त्यांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे अडीचशे कोटींत एक एवढंच आहे. तरीही त्या थराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत क्षेत्र सुमारे १८,००० व्होल्ट प्रति सेंटीमीटरने बदलतं. साधी हवा ३०,००० च्या आसपास फुटते आणि ठिणगी पडते, हे लक्षात घेतलं की या मूठभर आयनांची ताकद कळते.

दोन्ही चिन्हांचा प्रभार सारखा मिसळलेला असेल तर परिणाम जवळजवळ शून्य. त्रास होतो तो एक चिन्ह पटकन निघून गेलं आणि दुसरं मागे रेंगाळलं की. म्हणून अशा कुठल्याही उपकरणाकडे पाहताना दोन प्रश्न आधी विचारावेत: दर सेकंदाला किती प्रभार आत येतो, आणि तो आत किती वेळ थांबतो? या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच साठलेला प्रभार. पुढची सगळी उदाहरणं या गुणाकाराची आहेत.

निर्वात नळी: सगळ्यात स्वच्छ उदाहरण

निर्वात डायोडमध्ये तापलेल्या ऋण टोकातून, म्हणजे कॅथोडमधून, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन टोकाकडे, ॲनोडकडे, ओढले जातात. कॅथोड आणखी तापवला की आणखी इलेक्ट्रॉन निघतात, म्हणजे विद्युत प्रवाहही वाढत जायला हवा. काही मर्यादेपर्यंत तो वाढतो आणि मग थांबतो. कॅथोडसमोर जमलेला इलेक्ट्रॉनांचा ढग तिथलं क्षेत्र शून्यावर आणतो, आणि नव्याने निघालेले बहुतेक इलेक्ट्रॉन परत कॅथोडवरच ढकलले जातात.

या मर्यादेचा नियम क्लेमेंट चाइल्ड यांनी १९११ मध्ये आयनांसाठी मांडला आणि अर्विंग लँगम्युअर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी. दर एकक क्षेत्रफळातून जाणारा प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. व्होल्टेज चौपट केलं तर प्रवाह आठपट होतो. अंतर निम्मं केलं तर चौपट. आकड्यांत सांगायचं तर १०० व्होल्ट आणि एक सेंटीमीटर अंतर असेल तर दर चौरस सेंटीमीटरमधून फार तर २.३ मिलिॲम्पिअर जाऊ शकतात. अंतर एक मिलिमीटर केलं की तोच आकडा २३३ मिलिॲम्पिअर होतो. कॅथोड कितीही चांगला असला तरी यापुढे जाता येत नाही.

व्होल्टेजची वाटणीही बदलते. रिकाम्या जागेत बरोबर मध्यावर ५० व्होल्ट मिळाले असते. ढग असताना तिथे सुमारे ४० च मिळतात. कॅथोडजवळचं क्षेत्र शून्य आणि ॲनोडजवळचं सरासरीच्या चार तृतीयांश, असा तो उतार असतो.

नळी कोणत्या अवस्थेत चालते आहे हे ओळखायची पद्धत सोपी आहे. हीटरचं (कॅथोड तापवणाऱ्या तारेचं) व्होल्टेज साधारण १० टक्क्यांनी कमी करा. ॲनोडचा प्रवाह जवळजवळ तसाच राहिला तर ढग शाबूत आहे आणि कॅथोडकडे अजून भरपूर इलेक्ट्रॉन शिल्लक आहेत. प्रवाह लगेच कोसळला तर कॅथोड झिजलेला आहे. म्हणूनच नळ्या मुद्दाम ढगाच्या मर्यादेत चालवतात: कॅथोड हळूहळू जुना होत असला तरी त्याचा परिणाम बराच काळ बाहेर दिसत नाही, शिवाय हा ढग इलेक्ट्रॉनांच्या येण्यातले चढउतार सौम्य करतो आणि प्रवाहातला गोंगाट कमी होतो. स्पेस चार्ज दर वेळी शत्रूच असतो असं नाही.

घन पदार्थात, उदाहरणार्थ सेंद्रिय एलईडीच्या पातळ थरात, इलेक्ट्रॉन मोकळे धावत नाहीत, धडपडत सरकतात. तिथे प्रवाह व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. थर निम्मा पातळ केला की प्रवाह आठपट. हे थर शंभर नॅनोमीटरच्या घरात का ठेवावे लागतात, याचं एक मोठं कारण हेच आहे.

सिलिकॉनमध्ये प्रभारच कामाला लावलेला असतो

पी आणि एन प्रकारचं सिलिकॉन जोडलं की सांध्याजवळचे एन बाजूचे मोकळे इलेक्ट्रॉन आणि पी बाजूचे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या जागा) एकमेकांना भेटून नाहीसे होतात. मागे उरतात ते जागचे न हलणारे, प्रभारित अशुद्धीचे अणू. हा डिप्लिशन थर म्हणजे शुद्ध स्पेस चार्ज, आणि डायोडची एकदिशा वागणूक त्याच्यामुळेच. दर घन सेंटीमीटरला १० च्या १६ व्या घाताइतके अशुद्धीचे अणू असतील आणि थरावर ०.७ व्होल्ट असतील तर तो सुमारे ०.३ मायक्रोमीटर जाड असतो. व्होल्टेज चौपट केलं की जाडी दुप्पट होते.

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या डिटेक्टरला एवढा पातळ थर पुरत नाही. त्याला ३०० मायक्रोमीटरची पूर्ण चकती मोकळ्या प्रभारापासून रिकामी करावी लागते. म्हणून अत्यंत शुद्ध सिलिकॉन घेतात, दर घन सेंटीमीटरला सुमारे एक लाख कोटी अशुद्धी असलेलं. त्यासाठी हिशेबाने सुमारे ७० व्होल्ट लागतात. मग एखादा वेगवान कण आरपार गेला की एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार करायला ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट या दराने साधारण २२ ते २४ हजार जोड्या मिळतात. म्हणजे चार फेम्टोकूलंबपेक्षाही कमी प्रभार, आणि सगळी मोजणी त्यावर.

चकती पूर्ण रिकामी झाली की नाही, हे मानण्यापेक्षा मोजावं. उलट व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत प्रत्येक पायरीला कपॅसिटन्स, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, मोजा. एक भागिले कपॅसिटन्सचा वर्ग, याचा आलेख व्होल्टेजसमोर काढा. रेषा सरळ चढत जाते आणि एका ठिकाणी वाकून आडवी होते. तो वाक म्हणजे पूर्ण डिप्लिशनचं व्होल्टेज. एक चौरस सेंटीमीटरच्या ३०० मायक्रोमीटर चकतीचा कपॅसिटन्स तिथे ३५ पिकोफॅरडच्या आसपास स्थिरावला पाहिजे. तो बराच जास्त येत असेल तर केबलचा कपॅसिटन्स वजा करायचा राहिला आहे किंवा गार्ड रिंग (चकतीच्या कडेची संरक्षक कडी) नीट जोडलेली नाही. वाक दिसला की तिथेच थांबू नये. डिटेक्टर त्याहून थोड्या जास्त व्होल्टेजवर चालवतात, म्हणजे दूरच्या टोकालाही क्षेत्र पुरेसं राहतं आणि प्रभार लवकर गोळा होतो.

किरणांच्या माऱ्यात हे चित्र हळूहळू बिघडतं. स्फटिकातले अणू जागेवरून उडतात, तिथे नवे प्रभारित दोष तयार होतात आणि अशुद्धीचा जाणवणारा प्रभार बदलत जातो. एन प्रकारच्या सिलिकॉनमध्ये तो आधी घटतो, शून्यावर येतो आणि मग उलट चिन्हाने वाढायला लागतो: एन प्रकारची चकती पी प्रकारची असल्यासारखी वागते. मग क्षेत्र सगळ्यात तीव्र असण्याची जागाही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. व्होल्टेज शेकडो व्होल्टपर्यंत वाढवत न्यावं लागतं आणि गळतीचा प्रवाहही चढतो, जो दर सात-आठ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या मोठ्या त्वरकात असे डिटेक्टर शून्याखाली थंड ठेवतात ते केवळ गळतीसाठी नाही. ऊबेत काही दोष दुरुस्त होतात, पण जास्त काळ ऊब मिळाली की स्पेस चार्ज पुन्हा वाढतो. म्हणून देखभालीसाठी बंद असतानाही त्यांना किती दिवस गरम राहू द्यायचं याचा हिशेब ठेवावा लागतो.

कॅडमियम टेल्युराइडच्या डिटेक्टरांत यापेक्षा झटपट घडणारी अडचण दिसते. व्होल्टेज लावल्यावर काही वेळाने स्पेक्ट्रममधलं, म्हणजे ऊर्जेनुसार मोजणीच्या आलेखातलं, शिखर खालच्या बाजूला सरकू लागतं आणि पसरट होतं. स्फटिकातल्या दोषांच्या खोल सापळ्यांमध्ये प्रभार अडकत जातो आणि आतलं क्षेत्र एका टोकाला दाबून टाकतो. उपाय तीन: डिटेक्टर थंड करणं, व्होल्टेज वाढवणं, किंवा ठरावीक वेळाने व्होल्टेज थोडा वेळ बंद करून सापळे रिकामे होऊ देणं. तिसरा उपाय फुकटातला आहे, पण तो वेळापत्रकात लिहून ठेवला नाही तर लांबलेल्या मोजणीचा उत्तरार्ध वाया जातो.

वायूत आयन रेंगाळतात

गायगर नळी किंवा प्रपोर्शनल काउंटर या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या, वायू भरलेल्या नळ्यांमध्ये पातळ तारेजवळच्या तीव्र क्षेत्रात एका इलेक्ट्रॉनचे हजारो होतात. इलेक्ट्रॉन क्षणात तारेवर जातात. तेवढेच धन आयन मागे राहतात आणि भिंतीकडे सावकाश सरकतात. त्यांचा वेग इलेक्ट्रॉनांच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ते तारेभोवती असेपर्यंत तिथलं क्षेत्र दबलेलं राहतं. गायगर नळीत तर तारेच्या संपूर्ण लांबीवर आयनांचं आवरण तयार होतं, आणि पुढच्या साधारण १०० मायक्रोसेकंदांत आलेला कण मोजलाच जात नाही (हा मृतकाळ). नळीने सेकंदाला २,००० मोजले तर खरा आकडा २,५०० असतो: मोजलेला आकडा भागिले, एक वजा मोजलेला आकडा गुणिले मृतकाळ. मारा फारच मोठा असेल तर साध्या नळ्या उलट कमी आकडा दाखवू लागतात, काही वेळा शून्यही. धोक्याच्या जागी मीटर शांत आहे म्हणून जागा सुरक्षित, असं समजणं अशा वेळी जिवावर बेतू शकतं. सर्वात जास्त डोस असेल तिथे आयनीकरण कक्षाचं मीटर वापरण्यामागे हे कारण आहे.

प्रपोर्शनल काउंटरमध्ये (ज्यात पल्सची उंची कणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते) दोष इतका ढळढळीत दिसत नाही. लोह-५५ या स्रोताचं ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर एका जागी दिसतं. स्रोत जवळ आणला, मोजणीचा दर वाढला आणि शिखर खाली सरकलं, तर संशय स्पेस चार्जवर जातो. पण ॲम्प्लिफायरची पायाभूत पातळी दरामुळे ढळली तरीही हेच दिसतं. दोन्हींत फरक करायला टेस्ट इनपुटमधून ठरावीक उंचीची पल्स सोडावी. स्रोत जवळ असताना पल्सचं शिखरही सरकलं तर दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. पल्स जागेवर आणि लोहाचं शिखर मात्र खाली, तर दोष वायूतल्या आयनांमध्ये. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता नळीचं व्होल्टेज वाढवत जाणं सर्वात वाईट: गुणन वाढतं, आयन वाढतात, शिखर आणखी सरकतं.

फोटोमल्टिप्लायर या मंद प्रकाशाची विद्युत पल्स करणाऱ्या नळीतही मोठ्या पल्सना शेवटच्या डायनोडजवळ (इलेक्ट्रॉन गुणित करणाऱ्या पट्टीजवळ) इलेक्ट्रॉनांचा ढग अडवतो. तिथे व्होल्टेज विभागणाऱ्या साखळीतले शेवटचे रोधक मोठे घेतात, म्हणजे शेवटच्या टप्प्यांना जास्त व्होल्टेज मिळतं, आणि पल्सच्या वेळी ते ढासळू नये म्हणून तिथेच कपॅसिटर लावतात.

या सगळ्याचं मोठ्या प्रमाणावरचं रूप सर्नच्या ॲलिस प्रयोगात दिसतं. तिथल्या वायूने भरलेल्या दंडगोलाच्या मध्यावर एक लाख व्होल्टचा पडदा आहे, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर अंतरावर वाचन करणारी टोकं. क्षेत्र ४०० व्होल्ट प्रति सेंटीमीटर. इलेक्ट्रॉन हे अंतर सुमारे १०० मायक्रोसेकंदांत कापतात. आयनांना परत पडद्यापर्यंत पोहोचायला सुमारे १६० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अणुकेंद्रांच्या ५०,००० टकरी होत असतील तर कुठल्याही क्षणी जवळपास ८,००० टकरींचे आयन आत तरंगत असतात. पूर्वी एक जाळी विद्युत फाटकासारखी वापरून आयन अडवायचे, पण ते फाटक बंद असताना मोजणीही बंद राहायची, त्यामुळे दर सेकंदाला काही हजार टकरींपलीकडे जाता येत नव्हतं. २०१९ नंतरच्या मोठ्या बदलात तिथे जेम नावाच्या पत्र्यांचे चार थर बसवले. फाबिओ साउली यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही रचना म्हणजे ५० मायक्रोमीटर जाडीचा पॉलिइमाइड, दोन्ही बाजूंना तांबं, आणि त्यात १४० मायक्रोमीटर अंतराने साधारण ७० मायक्रोमीटरची छिद्रं. इलेक्ट्रॉन छिद्रांतून पुढे गुणित होत जातात. परतणारे आयन बरेचसे तांब्यावरच अडकतात. परत निसटणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याखाली आणलं. तरी गुणन २,००० असेल तर एक टक्का म्हणजे आत आलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे २० आयन. तेवढेही कणांच्या वाटा सेंटीमीटरच्या मापात वाकवायला पुरतात, आणि ती वाकण सतत मोजून गणिताने सरळ करावी लागते.

द्रवरूप अरगॉनमध्ये आयन त्याहून मंद, सेकंदाला काही मिलिमीटर. अडीच मीटर जायला कित्येक मिनिटं. जमिनीच्या वर असलेल्या अशा डिटेक्टरमध्ये, जसा अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेतला मायक्रोबून होता, वैश्विक किरण अखंड आयन तयार करत राहतात आणि कडेने गेलेल्या कणांच्या वाटांची टोकं आतल्या बाजूला सरकलेली दिसतात. लेसरने ठाऊक असलेल्या रेषा आखून हे विरूपण मोजतात. तोच डिटेक्टर जमिनीखाली खोल ठेवला तर वैश्विक किरण अडतात आणि हा प्रश्न जवळजवळ संपतो.

प्लाझ्मा: मधे समतोल, कडेला सगळा खेळ

प्लाझ्मा म्हणजे आयनीभूत वायू. त्यात इलेक्ट्रॉन आणि धन आयन जवळजवळ सारखे असतात, म्हणून आत विद्युत क्षेत्र फारसं टिकत नाही. कुठे असमतोल झाला तर इलेक्ट्रॉन लगेच सरकून तो झाकतात. किती अंतरात झाकतात? इलेक्ट्रॉनांचं तापमान (ऊर्जेच्या एककात) ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि घनता दर घन सेंटीमीटरला १,००० कोटी असेल तर सुमारे ०.१३ मिलिमीटरमध्ये. ही डिबाय लांबी. भांडं तिच्यापेक्षा खूप मोठं असेल तरच आतल्या वायूला प्लाझ्मा म्हणणं योग्य ठरतं.

भिंतीपाशी समतोल टिकत नाही. इलेक्ट्रॉन हलके आणि वेगवान, ते आधी भिंतीवर आदळतात. भिंत ऋण होते आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांना परत लोटते. तिच्यालगत फक्त आयनांचा एक पातळ थर तयार होतो, शीथ. हाच प्लाझ्मा अरगॉनचा धरला, तर काही न जोडलेली भिंतसुद्धा प्लाझ्मापेक्षा साधारण १५ व्होल्टने खाली जाते. शीथच्या कडेला आयन सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटर वेगाने शिरतात आणि तिथून सरळ भिंतीकडे वेग घेतात. इलेक्ट्रोडवर ३०० व्होल्ट असतील तर शीथ तीनेक मिलिमीटर जाड होते, आणि तिची जाडी ठरते ती पुन्हा चाइल्ड आणि लँगम्युअर यांच्याच नियमाने. निर्वात नळीचं गणित इथे आयनांना जसंच्या तसं लागू पडतं.

चिप बनवताना याच आयनांकडून सरळ उभे खड्डे कोरून घेतात. चिप ज्या सिलिकॉन चकतीवर बनतात त्या वेफरखालच्या इलेक्ट्रोडला कपॅसिटरमधून १३.५६ मेगाहर्ट्झचा रेडिओ पुरवठा देतात. प्रत्येक आवर्तनात इलेक्ट्रॉन जास्त येतात, कपॅसिटर त्यांना जाऊ देत नाही, आणि इलेक्ट्रोडवर आपोआप शेकडो व्होल्टचा ऋण बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेज, बसतो. हा बायस सतत नोंदवत राहावा. शक्ती तीच असताना तो हळूहळू सरकत असेल तर बहुधा भांड्याच्या भिंतींवर थर चढला आहे आणि जमिनीला जोडलेलं खरं क्षेत्रफळ बदललं आहे.

लेप चढवण्याच्या भांड्यात प्रभार साठल्याचं चित्र फार स्पष्ट दिसतं. ॲल्युमिनियमचं टार्गेट (ज्यातून लेपाचे अणू उडतात तो पत्रा), भांड्यात ऑक्सिजन, आणि साधा एकदिश पुरवठा. टार्गेटच्या काही भागावर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, पातळ थर जमतो. तो विद्युतरोधक, त्यावर धन आयन आदळत राहतात आणि प्रभार साठत जातो. थरातलं क्षेत्र सेंटीमीटरला काही दशलक्ष व्होल्टवर गेलं की तो फुटतो, आर्क होतो, वितळलेले थेंब उडून लेपात बसतात. आयनांचा प्रवाह दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिॲम्पिअर धरला तर फुटायला लागणारा वेळ येतो मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापासून निम्म्या मिलिसेकंदापर्यंत. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की हा वेळ थराच्या जाडीवर अवलंबून नाही. थर पातळ असला तर कमी व्होल्टला फुटतो, पण त्याचा कपॅसिटन्सही तेवढाच जास्त असतो. त्यामुळे 'थर अजून पातळ आहे, चालेल' हा तर्क चुकीचा ठरतो. खरा उपाय असा की फुटण्याआधी प्रभार काढून टाकायचा: पुरवठा दर २० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ५० किलोहर्ट्झने, क्षणभर उलटा करायचा. त्या क्षणी इलेक्ट्रॉन येऊन थर शमवतात.

प्लाझ्मातली धूळही प्रभार घेते. एक मायक्रोमीटर त्रिज्येचा कण सुमारे ७ व्होल्ट ऋण होतो, म्हणजे जवळपास पाच हजार जादा इलेक्ट्रॉन, आणि शीथच्या कडेला वेफरच्या वर तरंगत राहतो. प्लाझ्मा चालू असताना वेफर स्वच्छ असतो. बंद करताच ती धूळ खाली बसते. म्हणून प्रक्रिया संपल्यावर शक्ती एकदम न तोडता कमी शक्तीवर प्लाझ्मा काही वेळ ठेवून वायूच्या झोतात कण बाहेर काढतात.

गेट ऑक्साइड: थोड्या व्होल्टला मरणारा भाग

कोरताना वेफरवरच्या लांब धातूच्या रेषा प्लाझ्मातून प्रभार गोळा करतात. ती रेषा फक्त एका ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, जोडलेली असेल तर सगळा प्रभार गेटखालच्या पातळ विद्युतरोधक ऑक्साइडमधून वाट काढतो आणि ऑक्साइड कायमचा दुखावतो. म्हणून आराखड्याच्या नियमांत रेषेचं क्षेत्रफळ गेटच्या क्षेत्रफळाच्या किती पट चालेल याची मर्यादा असते. ती ओलांडली तर रेषा गेटजवळ तोडून वरच्या धातूथरातून नेतात, किंवा गेटपाशी एक छोटा डायोड जोडून प्रभाराला जमिनीची वाट देतात.

तोच ऑक्साइड माणसाच्या हातानेही मरतो. माणसाच्या शरीराचा कपॅसिटन्स चाचणीच्या प्रमाणित प्रतिकृतीत १०० पिकोफॅरड धरतात. साधारण ३,००० व्होल्टच्या खाली ठिणगी जाणवतही नाही. म्हणजे न जाणवता अंगावर ३०० नॅनोकूलंब असू शकतात. आता एक पॉवर मॉस्फेट (मोठा प्रवाह हाताळणारा ट्रान्झिस्टर) घ्या, गेटचा कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड, मर्यादा २० व्होल्ट. गेटला बोट लागलं, सोर्स हे त्याचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलं असलं, तर तेवढा प्रभार दोघांत वाटला जाऊन गेटवर सुमारे २७० व्होल्ट यायला हवेत. ऑक्साइड त्याच्या खूप आधी फुटतो. लहान चिपचं गेट तर याहून कितीतरी नाजूक, त्याचा ऑक्साइड दोनेक नॅनोमीटरचा. तिथे चिपच्या पायांवर मुद्दाम बसवलेली संरक्षक जोडणीच वाचवते.

चिप हाताळताना घालायच्या, जमिनीला जोडलेल्या मनगटी पट्ट्यात एक मेगाओहमचा रोधक असतो. शरीराच्या १०० पिकोफॅरडसोबत तो प्रभार ०.१ मिलिसेकंदाच्या मापात काढतो, आणि चुकून मुख्य विजेला हात लागला तर पट्ट्यातून जाणारा प्रवाह एक मिलिॲम्पिअरच्याही खाली राहतो. पट्टा रोज तपासावा, कारण तुटलेला पट्टा आणि धड पट्टा मनगटावर अगदी सारखे दिसतात. पण पट्टा फक्त माणसासाठी. प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी, फोमचा तुकडा यांना जमिनीला जोडून काही होत नाही. विद्युतरोधकातला प्रभार तारेतून वाहून येत नाही. ते टेबलावरून हलवायचे, नाहीतर आयनायझरच्या (हवेत दोन्ही चिन्हांचे आयन सोडणाऱ्या उपकरणाच्या) झोतात धरायचे. चिप स्वतः प्लास्टिकच्या नळीतून घसरत बाहेर येताना प्रभारित होते आणि तिचा पाय धातूला टेकला की एका नॅनोसेकंदाच्या आसपासच्या वेळात काही ॲम्पिअर वाहून जातात. अशा वेळी माणूस जमिनीला जोडलेला असून उपयोग नसतो. तिथे टेबलाचा पृष्ठभागच सौम्य वाहक हवा, म्हणजे स्पर्श झाला तरी प्रभार सावकाश उतरतो.

किरणोत्सर्गात याच ऑक्साइडमध्ये होल अडकतात आणि ट्रान्झिस्टरचं चालू होण्याचं व्होल्टेज सरकतं. ऑक्साइड १०० नॅनोमीटरचा असेल आणि दर चौरस सेंटीमीटरला दहा हजार कोटी होल गेटपासून दूर, सिलिकॉनच्या सीमेजवळ अडकले असतील तर जवळजवळ अर्धा व्होल्ट सरकतो. पातळ ऑक्साइडमध्ये अडकायला जागाही कमी आणि प्रत्येक होलचा परिणामही कमी, म्हणून सरकणं साधारण जाडीच्या वर्गाने घटतं. आधुनिक चिपचे गेट त्यामुळे बरेच सोशिक आहेत. त्रास होतो तो ट्रान्झिस्टरांच्या मधल्या जाड ऑक्साइडच्या भिंतींमध्ये.

आयन इंजिन: प्रभार बाहेर फेकला तरी प्रश्न उरतो

अंतराळयानाचं आयन इंजिन झेनॉनचे आयन दोन छिद्रित जाळ्यांमधून वेग देऊन बाहेर फेकतं. जाळ्यांमध्ये एक मिलिमीटर अंतर आणि १,००० व्होल्ट असतील तर झेनॉनसाठी मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५ मिलिॲम्पिअर येते. आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा जड, सावकाश, म्हणून जागेत जास्त वेळ थांबतात आणि मर्यादा खूप खाली येते. जोर वाढवायचा तर जाळ्या जवळ आणाव्या लागतात, आणि मग गरम होऊन वाकलेल्या जाळ्या एकमेकींना चिकटण्याची किंवा मधे ठिणगी पडण्याची भीती असते. १९९८ मध्ये निघालेल्या डीप स्पेस १ या यानाचं आणि २००७ मधल्या डॉनचं इंजिन ३० सेंटीमीटर व्यासाचं होतं आणि पूर्ण शक्तीला ९२ मिलिन्यूटन जोर देत होतं. एवढ्या मोठ्या तोंडातून एवढा कमी जोर मिळण्यामागे स्पेस चार्जचाच हात आहे.

झोतातून १.७६ ॲम्पिअर धन प्रभार बाहेर जात असेल तर यान तेवढ्याच वेगाने ऋण होत जातं. यान एक मीटर त्रिज्येच्या गोलासारखं धरलं तर त्याचा कपॅसिटन्स १११ पिकोफॅरड येतो. त्यावर आयनांना वेग देणाऱ्या व्होल्टेजइतके, समजा १,१०० व्होल्ट, चढायला लागतात सुमारे ७० नॅनोसेकंद. त्यानंतर आयन पुढे न जाता वळून यानावरच परततील आणि जोर शून्य होईल. म्हणून झोताच्या शेजारी एक पोकळ कॅथोड ठेवतात, न्यूट्रलायझर, जो तेवढेच इलेक्ट्रॉन झोतात सोडतो. इंजिन सुरू करण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो: आधी न्यूट्रलायझर आणि आतला कॅथोड तापवून पेटवायचे, दोन्ही स्थिर झाले की जाळ्यांना मोठं व्होल्टेज द्यायचं. जाळ्यांमध्ये ठिणगी पडली तर पुरवठा व्होल्टेज क्षणभर काढून घेतो आणि पुन्हा चढवतो. न्यूट्रलायझर मात्र त्या सगळ्या वेळात चालूच ठेवतात.